लाल क्रेट

भोंगा गं वाजयीला, सुटली कंपनी पार,
बाप तुझा गं येईल, लेकी उघडं ठेव दार.

शालनबाईचा आवाज भाकरीच्या थापेवर चालायचा. काळेवाडीतली एकच खोली, आणि सहा वर्षांची मिनल उंबऱ्यात बसलेली, चाकणहून येणाऱ्या कंपनीच्या बसकडं डोळे लावून. आई गायची ते कुणासाठी नव्हतं. पीठ संपलं की गाणं संपायचं.

आता शालनबाई जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि मिनल ताथवड्यातल्या ऑफिसात सहाव्या मजल्यावर बसून पुसण्याविषयी लिहीत होती.

कामच तसं होतं. लोकांनी साठवलेले कागद सांभाळणारा एक एआय एजंट तिच्या कंपनीनं केला होता. जुनी पत्रं, नकाशे, पावत्या तोच लावायचा, तोच शोधायचा. आता त्याच्या हाती नको असलेलं पुसून टाकायचं साधन द्यायचं होतं. ते कधी वापरायचं आणि कधी हात आवरायचा, हे मिनलनं त्याला लिहून द्यायचं. दोन आठवडे ती अशा वाचकासाठी लिहीत होती, जो कंटाळत नव्हता आणि 'कळलं' म्हणून मानही हलवत नव्हता. घरी पप्पांशी बोलणं टाळायचं, इथं याच्याशी बोलायचं. दिवस असे जात होते.

"हे साधन दस्तऐवज कायमचा काढून टाकते. काढलेला दस्तऐवज परत मिळत नाही." एवढं लिहून ती थांबली होती.

शेजारच्या खुर्चीवरून रविराज हसत वळला. चाचण्या तो घ्यायचा. "मिनल, तुझ्या लाडक्यानं आज दिवे लावले. चाळीस नकाशे साफ! नावाच्या जागी नुसते आकडे होते म्हणून फालतू समजला. उघडूनसुद्धा पाहिलं नाही येड्यानं."

"परत येतील?"

"चाचणीतले होते गं, कॉपी आहे. तू का एवढी पांढरी पडलीस?"

मिनल पुन्हा स्क्रीनकडं वळली. गेल्या दिवाळीत तिनंही हेच केलं होतं. जागा भरली, जागा भरली म्हणून फोन ओरडत होता. अकरा फायली, नावं नाहीत, नुसते आकडे. तिनं निवडल्या, पुसल्या, कचऱ्याची पेटीही रिकामी केली. त्या आईच्या ओव्या होत्या. आई चुलीपाशी असताना पप्पांनी चोरून रेकॉर्ड केलेल्या. त्यांनी त्या लेकीकडं पाठवल्या आणि आपल्या फोनमधून काढून टाकल्या. "मिनलकडं हायेत म्हंजे बँकेत हायेत," असं गल्लीभर सांगितलं.

पप्पा मागायचे तेव्हा ती म्हणायची, "सर्व्हरवर आहेत पप्पा, काढायला वेळ लागतो." पप्पा बिचारे सर्व्हरलाही मान द्यायचे. "काढ सावकाश. घाई न्हाई."

पण रविवारी शालनबाईचा पहिला स्मृतिदिन होता.

तिनं पुढं लिहिलं: "नाव पाहून ठरवू नये. उघडून पाहावे. ज्याचा दस्तऐवज आहे त्याला विचारावे." मग थोडं थांबून: "चुकून काही काढले गेल्यास ते लपवू नये. लगेच सांगावे." शेवटचं वाक्य तिनं दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा राहू दिलं. लॅपटॉप मिटून ती उजेड असतानाच निघाली.

धम्मपाल, तिचे पप्पा, दारातच होते. तीस वर्षं चाकणला माल तपासण्यात गेली, त्यामुळं पुसलेली वस्तूही ते पुन्हा पुसून बघत. आज हातात समाजमंदिराचा स्पीकर होता.

"आलीस? हे बघ, आवाज कसा खणखणीत हाय. वंदना झाली की लगेच गाणी लावू. आत्याला पण सांगितलंय. तिला वाटतंय मी थापा मारतोय."

"पप्पा, कंपनीत तुमच्या ती लाल क्रेट असायची ना?"

"आता मधीच क्रेट कुठून आली?" ते हसले. पण त्या विषयावर त्यांना गप्प बसवत नसे. "बिघडलेला जॉब, मंग तो केवढाबी पार्ट असू दे, लाल क्रेटमधी. ज्यानं बिघडवला त्यानं सोताच्या हातानं टाकायचा, शेजारी उभं ऱ्हायचं, कसा बिघडला ते सांगायचं. सांगणाऱ्यावर मी कधी आवाज चढवला न्हाई. चांगल्या मालात लपवणाऱ्याला मात्र..." ते थांबले. स्पीकरची वायर हातातच राहिली. "का गं?"

दार उघडंच होतं. मिनल उंबऱ्यात, लहानपणी बसायची तिथंच उभी होती. तिनं पर्समधून फोन काढला आणि त्यांच्या हातातल्या स्पीकरवर आडवा ठेवला.

"आईची गाणी सर्व्हरवर नाहीत, पप्पा. कुठंच नाहीत. दिवाळीत मी पुसली. एकही उघडून ऐकलं नाही."