उतरवलेला गंधार

शकुनबाईनं बारा वर्षं शिव्या खाल्ल्या त्या एकाच कारणासाठी. ती जिवंत माणसाचं संगीत वाजवायची. शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या उस्तादाची बंदिश असली की आपले रसिक डोळे मिटून डोलतात. तीच मंडळी, आसगावच्या विणकरानं गेल्या महिन्यात बांधलेली चाल म्हटली की पान थुंकायला बाहेर जातात. भंडारा, तुमसर, साकोली, सगळीकडे हाच तमाशा.

तिचं वाद्य स्वरमंडळ. गवई ते मांडीवर घेतात आणि गाता गाता त्याच्या तारांवर नुसती बोटं फिरवतात. शकुननं त्यालाच पुढं आणलं, एकटंच वाजवलं. तेवढं लोकांनी चालवून घेतलं. पण प्रत्येक मैफलीत ती त्या विणकराची, डोमाची, एक चाल वाजवायचीच, आणि आधी त्याचं नाव-गाव मोठ्यानं सांगायची. त्यापायी दोन मंडळांनी तिला पुन्हा बोलावलं नाही. तिनंही विचारलं नाही.

डोमा मागावर बसून गुणगुणायचा. त्याला लिहिता येत नव्हतं. शकुन महिन्याकाठी लाखनीहून एस.टी.नं आसगावला जायची, त्याच्या ओट्यावर बसून चाल वहीत उतरवायची. त्याच्या चालीतला गंधार मोठा अडचणीचा. ना कोमल, ना शुद्ध. मधेच कुठंतरी लोंबणारा.

"डोमाभाऊ, हा सूर पेटीत नाही."

"पेटीत नसन त पेटी चुकली, ताई. रोवणीच्या बाया चिखलात वाकून गातेत ना, तवा असाच लागते."

म्हणून शकुन त्याच्या चालीसाठी गंधाराच्या तिन्ही तारा किल्लीनं थोड्या उतरवून घ्यायची.

डोमाचा उजवा कान लहानपणीच गेलेला. चौऱ्याऐंशीच्या दिवाळीत त्याची बायको विमलाबाई म्हणाली, "ताई, आता डावाबी जाऊन राहिला. काय आयकवाचं असन ते लवकर आयकवा."

त्या दिवसापासून शकुनला अन्न गोड लागेना. ओट्यावर ती तुकडे वाजवून दाखवायची. पण अख्खी चाल, लोकांसमोर, त्याच्या नावानं वाजलेली त्यानं कुठं ऐकली होती? ती एखाद्या मोठ्या मैफलीत, त्याला पुढच्या गादीवर बसवून ऐकवू, असं म्हणत तिनं बारा वर्षं घालवली. परक्यांच्या कानांशी भांडत बसली आणि ज्याचं होतं त्याचाच कान राहून गेला. मूर्खपणा, दुसरं काय!

मग मोठी मैफल गेली खड्ड्यात. जानेवारीत लाखनीला बाबूलाल शेठच्या राइस मिलच्या आवारात, रविवारी दुपारी, मिल बंद असताना तिनं कार्यक्रम ठेवला. घरूनच तारा जुळवून आली.

आता आपल्याकडची रीत अशी, की मंचावर जायच्या आधी वाद्य गुरूच्या पायाशी ठेवायचं. शकुननं श्यामराव गुरुजींच्या पायाशी ठेवलं, नमस्कार केला आणि डोमाला बसवायला धावली. सत्तरीचे गुरुजी. त्यांनी सवयीनं तारांवरून बोट फिरवलं. गंधार उतरलेला. पोरीची घाई झाली असणार, असं म्हणून त्यांनी मायेनं तिन्ही तारा चढवून शुद्ध करून ठेवल्या.

शकुनला कळलं ते मंचावर, डोमाचं नाव सांगून पहिलं बोट फिरवल्यावर. हात थांबेना. शिकलेला हात चुकीचंही छान वाजवतो. लोकांच्या माना डोलायला लागल्या, पहिल्यांदाच. डोमा डावा कान पुढं करून ऐकत होता. मग, कमी ऐकू येणाऱ्या माणसासारखा, तो मोठ्यानं ओरडला,

"हे माही चाल नाही व ताई!"

लोक खो-खो हसले. "बसा ना बाबा, तुमची कायची चाल?" कोणीतरी मागून म्हणालं.

शकुननं तारांवर तळवा ठेवला. सगळं बंद. किल्ली उचलली. गुरूनं लावलेला सूर गुरूसमोर शिष्यानं उतरवायचा म्हणजे भर सभेत त्यांना बहिरा म्हणण्यासारखं. तिला ते ठाऊक होतं. श्यामरावांनाही.

"काय करून राहिली तू, पोरी?"

"गुरुजी, ह्या सुराचा धनी समोर बसला आहे."

"अन मी कोन हो?"

तिनं किल्ली फिरवली. गुरुजी काठी टेकत उठले आणि आवाराबाहेर गेले. त्यांच्यामागं बाबूलाल शेठ, शेठमागं अर्धी सभा. हायवेवर एक ट्रक भोंगा वाजवत गेला. तिसरी तार जुळेपर्यंत दहा-बारा माणसं उरली होती.

तिनं अख्खी चाल वाजवली. अशी तिनं कधीच वाजवली नव्हती. संपल्यावर डोमाकडे पाहिलं. तो अजून वाटच बघत होता.

"डोमाभाऊ?"

"खालचे सूर आले, ताई. बराबर आहेत." त्यानं डाव्या कानाला हात लावला. "वरचे येत नाही आता मले. पोरं शिट्ट्या मारतेत, ते बी येत नाही."

"कधीपासून?"

"पोळ्यापासून. विमलीले म्हनलं होतं, ताईले सांगू नको."

म्हणजे चार-पाच महिने. शकुननं स्वरमंडळ उलटं फिरवून घेतलं, जाड तारा हाताशी आल्या. मग तिनं तीच चाल अख्खी खालच्या सप्तकात सुरू केली, जिथं त्या वाद्याला शोभा नाही, नुसती घरघर आहे. डोमा गुडघ्यांवर सरकत मंचाशी आला आणि डावा कान लाकडाला लावून बसला.

जिथं चाल वर जायची तिथं जाड तारा संपायच्या. तिथं डोमा स्वतः गायचा. आपण काय गातो ते त्याला ऐकू येत नव्हतं, आवाज फाटत होता. शकुन बोट उचलून थांबायची, तो खाली उतरेपर्यंत. तिची नजर मधूनच फाटकाकडे जायची. तिथं कोणी नव्हतं. मग ती पुढची तार छेडायची.