उत्तरेचा धुरा

रेणूचा पाय गुडघ्यापर्यंत गाळात गेला आणि वर आला तो बुटाशिवाय. एका हातानं वही डोक्यावर धरून, दुसऱ्यानं दुर्बीण सावरत, ती एका पायावर उभी राहिली. बोडीच्या, तिथल्या लहान तलावाच्या, पाळीवर बसलेला एक म्हातारा हा तमाशा निवांत पाहत होता.

"बूट हापिसचा हाय का घरचा?" त्यानं विचारलं.

"घरचा."

"मंग काहाडाच लागन."

तो धोतर खोचून खाली उतरला, खांद्यापर्यंत हात गाळात घातला आणि बूट ओढून काढला. पाणी ओतून टाकून त्यानं तो बूट रेणूच्या हातात दिला.

"आमी याच्यात बूट घालून कदी उतरत नाही, मॅडम. का पाहून राहिल्या इथं?"

"पाखरं मोजायला आले, काकाजी."

म्हातारा एवढा वेळ हसत होता, तो हसायचा थांबला. पण ते रेणूला फार नंतर आठवलं. त्या वेळी ती बुटात पाय कोंबत होती.

म्हाताऱ्याचं नाव खेमराज पटले. त्याच्या धानाच्या बांध्या, भाताची खाचरं, बोडीच्या उत्तरेला लागून होत्या. मध्ये फक्त एक रुंद धुरा, म्हणजे बांध्यांतलं पाणी अडवणारा मातीचा बांध. बोडी सात-आठ एकरांची. अर्ध्या भागात कमळं, अर्ध्यात आपोआप उगवणारं देवधान, माणूस बसला तर दिसू नये इतकं उंच. सप्टेंबर सुरू झाला होता, धान पोटरीवर आलं होतं आणि ज्याला पाण्यातले पक्षी पाहायचे त्यानं यापेक्षा चांगली वेळ मागू नये.

रेणू गोंदियाचीच. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून नागपूरच्या एका सल्लागार कंपनीत लागली होती. बोडी धरून साठ एकरांवर गोदामं होणार होती. त्याआधी तिथं कुठली पाणथळ जागा आहे, कुठले संरक्षित पशुपक्षी आहेत, ते पाहून अहवाल द्यायचा होता. तीन दिवसांचं काम. अहवालावर पहिल्यांदाच तिचं स्वतःचं नाव येणार होतं. निघताना कंपनीतल्या कैलाश सरांनी एक गोष्ट बजावली होती. गावात गोदामांचं नाव काढायचं नाही. लोक लगेच जमतात, कामाचा विचका होतो. पक्षी मोजायला आलो एवढंच सांगायचं. "ते काही खोटं नाही ना?" सर म्हणाले होते. खोटं नव्हतंच. अर्धवट खरं बोलण्यात जी सोय असते ती रेणूला तेव्हा आवडली होती, हे मान्य करायला हवं.

दुसऱ्या दिवशी तिनं दक्षिण, पूर्व आणि पश्चिम अशा तीन बाजू चालून काढल्या. नोंदीत पक्षी आले ते टिबुकल्या, वारकरी, जांभळ्या बगळ्यांची एक जोडी. दुपारी ती उत्तरेकडे वळली तसा खेमराज बांधीतून लगबगीनं आडवा आला.

"तिकडं जाऊ नका, मॅडम. कालच फवारा मारला. जहर हाय, चक्कर येईन."

"सगळीकडे मारला?"

"पुऱ्या धुऱ्यानं. चार दिवस कुत्रंबी नाही सोडत आमी. तुमी घरी चला, चहा घ्या."

रेणूला बरंच वाटलं. ऊन रणरणत होतं, आणि एवढी काळजी ऑफिसातसुद्धा कोणी करत नव्हतं. ती त्याच्यामागून निघाली.

खेमराजच्या बायकोनं, शकुंतलाबाईनं, नुसता चहा दिला नाही. भात, तुरीची आमटी आणि तळलेल्या मिरच्या वाढल्या. मुलगी कोणाची, गोंदियात घर कुठं, लग्न झालं का, सगळं विचारून घेतलं. रेणूनंही जेवता जेवता विचारलं.

"काकू, इकडे सारस येतात का हो?"

शकुंतलाबाईचा चेहरा एकदम उजळला. "अवो, यंदा तं दोन..."

"पानी आन," खेमराज म्हणाला.

तांब्या भरलेला होता, त्याच्याच हाताशी. शकुंतलाबाईनं तांब्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि उठून आत गेली. ती परत बाहेर आली नाही.

"नाही येत," खेमराज म्हणाला. "पयले येत होते, माह्या लहानपनी. आता नाही. तुमी चोरखमाऱ्याच्या तलावाकडं जाऊन पाहा, तिथं पानी मोठं हाय."

रेणूनं बॅगेतून छापील कागद काढला. त्यावर 'स्थानिकांचे म्हणणे' असं शीर्षक होतं. तिनं लिहिलं, 'या भागात सारस आढळत नाहीत.' वाचून दाखवलं. खेमराजनं सही केली, अक्षर न अक्षर सुटं, शाळेत शिकवल्यासारखी. सही करताना त्याचा हात जराही थांबला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या सुमारास ती जीपमधून उतरली आणि तिला आवाज ऐकू आला. उत्तरेकडून. आधी एक लांब, मागोमाग दोन आखूड, मग पुन्हा तेच. नर आणि मादी एकमेकांच्या आवाजात आवाज मिसळून ओरडत होती. या हंगामात घरटं असलं की सारसांची जोडी अशी जागा राखत ओरडते, हे रेणूनं पुस्तकात वाचलं होतं. पण पुस्तकात वाचताना छातीत असं धडधडलं नव्हतं. तिनं वहीत वेळ लिहिली, दिशा लिहिली, आणि सरांना फोन लावला.

"दिसले का?" कैलाश सरांनी विचारलं.

"नाही सर. पण आवाज अगदी..."

"रेणू, तो आवाज दोन-दोन किलोमीटर जातो. नदी किती लांब आहे तिथून? पलीकडे बालाघाटच्या बाजूचे असतील. फोटो आहे?"

"नाही."

"घरटं? पीस? गावातल्या कोणाचं म्हणणं?"

"म्हणणं उलट आहे. येत नाहीत म्हणतात."

"मग झालं की. ऐकलेलं लिहिलंस तर आणखी एक हंगाम पाहणी लावतील. पहिलाच रिपोर्ट आहे तुझा. विचार कर."

रेणूनं विचार केला. उत्तरेचा धुरा तीनशे पावलांवर होता. फवाऱ्याचा वास येतो का, ते पाहायला तरी जाता आलं असतं. ती दहा मिनिटं पाळीवर उभी राहिली. आवाज पुन्हा झाला नाही. अहवालात तिनं सहा वाजून दहा मिनिटांची ती नोंद घेतली नाही. तिला कोणी धाक घातला नव्हता, कोणी काही देऊ केलं नव्हतं. नुसतं सोपं होतं म्हणून तिनं ते केलं.

जानेवारीत गावच्या समाजमंदिरात जनसुनावणी झाली. पडद्यावर गोदामांची रंगीत चित्रं, खुर्च्यांवर माणसं, दारात चपलांचा ढीग. अध्यक्षस्थानी बसलेले साहेब समजूतदार दिसत होते. त्यांनी दोनदा विचारलं, अजून कोणाला बोलायचं आहे का. दुसऱ्यांदा विचारल्यावर मागून खेमराज उठला. माइक कसा धरायचा ते त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला.

"साहेब, या बोडीवर सारस हायेत. माह्या धुऱ्याले लागून, देवधानात, घरटं राहते. अकरा साल झाले. यंदा दोन अंडे होते, एक पिल्लू जगलं."

सभागृहात कुजबुज झाली. साहेबांनी अहवालाची पानं उलटली.

"नाव काय तुमचं?"

"खेमराज पटले."

"परिशिष्ट तीन. खेमराज पटले, वय एकसष्ट. 'या भागात सारस आढळत नाहीत.' ही सही तुमची?"

"माहीच होये."

कोणीतरी हसलं. "जमिनीचा भाव वाढवून राहिला बुढा," मागून आवाज आला, आणि मग बरेच जण हसले.

"मी खोटं बोललो, साहेब," खेमराज म्हणाला. हसणं थांबेपर्यंत तो थांबला नव्हता, त्यामुळे त्याला तेच पुन्हा सांगावं लागलं. "खोटं बोललो. आमच्याकडं ज्याच्या बांधीत सारस बसला तो कोनाले सांगत नाही. एकदा सांगतलं होतं मी. सहा साल झाले. फोटोवाले आले, गाड्या आल्या, त्यायच्या मागं कुत्रे आले. तिसऱ्या दिवशी अंडे नाही. तवापासून बायकोले सांगतलं, घरातबी नाव काहाडाचं नाही. मॅडम आल्या, मले वाटलं तसेच कोनी असन. फवारा मारला म्हटलं. फवारा कायचा, त्या बाजूले मी अकरा साल दवाई नाही टाकली. गोदामाचं मले कोनी सांगतलं नाही, साहेब. सांगतलं असतं तं मी हात धरून नेलं असतं दाखवाले."

"पक्षी आत्ता आहेत तिथं?" साहेबांनी विचारलं.

खेमराजनं माइक तोंडाजवळ आणला. माइकमधून त्याचा श्वास ऐकू येत होता.

"आठ दिवस झाले. मासे धराले म्हनून कोनंतरी पाळ फोडली. पानी उतरलं. त्या दिवशी तिघंबी उडून गेले."

साहेबांनी चष्मा काढला. मग ते रेणूकडे वळले. ती पहिल्या रांगेत, कैलाश सरांच्या शेजारी बसली होती.

"पाहणी तुम्ही केली होती. तुम्हाला सारस दिसले होते का?"

रेणू उभी राहिली. प्रश्नाचे शब्द तिला अगदी स्पष्ट ऐकू आले. दिसले होते का.

"नाही सर," ती म्हणाली. "दिसले नव्हते."

हे खरं होतं. खाली बसताना तिला स्वतःची शिसारी आली. सरांनी समजुतीनं मान हलवली, ते तर तिला त्याहून नकोसं झालं.

"तुमची हरकत लेखी द्या," साहेब खेमराजला म्हणाले. "आज पाच वाजेपर्यंत. लेखी आली तर मला विचारात घेता येईल."

जेवणाची सुट्टी झाली. रेणू बाहेर कडुलिंबाखाली जाऊन उभी राहिली. आपण उठून परत आत जावं, माइक मागावा, असं तिच्या मनात दोनदा आलं. तेवढ्यात खेमराज समोर आला. त्याच्या हातात कोरा कागद होता.

तो भांडेल असं तिला वाटलं. भांडला असता तर फार बरं झालं असतं.

"मॅडम, तेवढा अर्ज लिहून देता का? मले सहीपुरतंच लिहिता येते. आन सरकारी भाषा मले येत नाही."

त्या सबंध गावात त्यानं तिलाच का विचारलं, हे तिला कळेना. मग कळलं. त्याच्या ओळखीचं, लिहिता येणारं माणूस तिथं तीच होती. ती त्याच्या घरी जेवली होती.

दोघं पायरीवर बसली. रेणूनं वही मांडीवर ठेवली, तिच्यावर कागद ठेवला.

"लिहा. मी खेमराज, बापाचं नाव सुखराम. मी खोटं बोललो."

'मी दिलेला जबाब असत्य होता,' रेणूनं लिहिलं.

"माह्यामुळं साहेबाकडं चुकीचा कागद गेला."

तिनं लिहिलं.

"पाळ बांधून द्यावी. पानी राहिलं तं पावसाळ्यात येतीन ते. एकदा पाहाले माणूस धाडावा, मी सोता दाखवीन."

तिनं तेही लिहिलं. अक्षर एकसारखं येत होतं, याचंच तिला नवल वाटलं.

"आन याच्यात मॅडमची काही चुकी नाही, हेबी लिहा."

पेन थांबलं.

"ते नको, काकाजी."

"काऊन नको?"

"त्याची गरज नाही."

"तुमाले नाही वाटत, मले वाटते. तुमाले विचारलं तं तुमी खरं बोलल्या. मी खोटा, आन उद्या तुमच्या नोकरीवर आलं तं? पोरीसारख्या तुमी." तो तिच्या खांद्यावरून कागदाकडे वाकला. "लिहा. तीन दिवस उन्हातान्हात फिरून इमानदारीनं काम केलं मॅडमनं, असं लिहा."

रेणूनं काही सांगायला तोंड उघडलं. समाजमंदिराच्या दारातून कैलाश सर बाहेर आले होते, हातानं जेवायला बोलावत होते. खेमराज थांबला होता. त्याला घाई होती, पाच वाजायच्या आत द्यायचं होतं.

तिनं लिहिलं, 'पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी आपले काम प्रामाणिकपणे केले असून त्यांचा यात कोणताही दोष नाही.'

"वाचून दाखवा."

तिनं पहिल्या शब्दापासून वाचून दाखवलं. शेवटची ओळ तिनं घाईघाईनं पुटपुटली. खेमराजला ती नीट ऐकू आली नाही, तो म्हणाला, पुन्हा वाचा. तिनं पुन्हा वाचलं. मग त्यानं पेन घेतलं आणि सही केली, अक्षर न अक्षर सुटं.

सहीच्या खाली चार बोटं जागा उरली होती. रेणू त्या जागेकडे पाहत होती, आपण ऐकलेल्या आवाजाची एक ओळ तिथं सहज मावली असती. खेमराजनं नेमकी तिथंच घडी घातली, कागद सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि गुडघ्यावर हात टेकून उठला.

"अक्षर मोठं साजरं हाय तुमचं," तो म्हणाला, आणि अर्ज द्यायला आत गेला.