पिवळाच आहे

"काका, हे पाणी तुमच्याच टाकीतलं ना?" दुकानदाराने काचेची नळी उजेडात धरून पुन्हा विचारलं.

"हो. सकाळीच काढलं."

"मासे जगले कसे, याचंच नवल आहे. माशांच्या घाणीने साचणारं नायट्रेट पार वर गेलंय. पाणी बदलून किती महिने झाले?"

"गरजच पडली नाही," जिनेमास्तर म्हणाला. "रंग बरोबर यायचा."

लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती आणि स्वतः मात्र तो कुठेही जिन्यानेच चढायचा, म्हणून सोबतच्यांनी हे नाव पाडलं होतं. रंगांच्या बाबतीत तो जन्मापासून अधू. लाल-हिरवं कळत नसे, पिवळ्यातून तांबड्याकडे जाणाऱ्या छटाही एकमेकींत मिसळून जात. खाऱ्या पाण्यातल्या माशांची हौस बायकोची. तपासणीच्या दिवशी थेंब टाकायचे आणि नळी हलवायची त्याने, रंग सांगायचा तिने. पिवळा आला की पाणी चांगलं, लाल आला की बदलायचं. ती आजारी पडल्यावर तो नळी पलंगापाशी न्यायचा. ती बोटांत धरून जरा फिरवायची आणि म्हणायची, "पिवळाच आहे. मासे मजेत आहेत तुझे." तो निश्चिंत मनाने नळी धुवायला जायचा.

ती गेली आणि त्याच सुमाराला थेंबांचा तपासणी किटही संपला. म्हणून आज मेव्हणीला बरोबर घेऊन तो नवा किट घ्यायला आला होता.

"रंग कोण बघायचं?" दुकानदाराने विचारलं.

"बायको."

"मग त्यांची काहीतरी गफलत झाली. हा बघा, चक्क लाल आहे."

मेव्हणी इतका वेळ काउंटरवरची खोकी उलटसुलट करत होती. तिने हातातलं खोकं खाली ठेवलं.

"भावजी, ताईला शेवटी शेवटी दिसत नव्हतं."

"म्हणजे?"

"आजार डोळ्यांवर गेला होता. उजेड-अंधार तेवढा कळायचा. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली होती तिने. म्हणायची, आधीच त्याचं जेवणात लक्ष नाही."

"मग रंग कसा सांगायची?"

"तोंडाला येईल तो."

दुकानदार उगाचच फडकं घेऊन काच पुसू लागला. जिनेमास्तरला काहीच वाटलं नाही. ती गेल्यापासून त्याचं असंच व्हायचं. ऐकलेलं आत उतरायचंच नाही, दोन मजल्यांच्या मधे अडकून राहायचं. फक्त एक आठवलं: मागे तिला पडल्या पडल्या टाकी दिसावी म्हणून त्याने पलंग फिरवला होता, आणि ती म्हणाली होती, "आता कसं छान दिसतंय."

"थेंबांचाच देऊ?" दुकानदाराने हळूच विचारलं. "की हे यंत्र घेता? नळी आत ठेवायची, आकडा येतो. रंग बघायचं कामच नाही."

"थेंबांचाच घ्या," मेव्हणी म्हणाली. "मी येऊन सांगत जाईन."

"तुझं घर आहे, पोरं आहेत. किती दिवस येशील?"

"येईन की."

"नको. यंत्र द्या."

तिचा चेहरा पडला. त्याने पाकीट काढून पैसे मोजले. दुकानदाराने समजावून सांगितलं तसं त्याने नीट ऐकून घेतलं: सगळं पाणी एकदम बदलायचं नाही, थोडं थोडं काढायचं, नवं पाणी मीठ पूर्ण विरघळल्याशिवाय ओतायचं नाही.

घरी पोचल्यावर त्याने बाही वर केली, टाकीतलं जुनं पाणी थोडंसं उपसून टाकलं आणि बादलीत नवं पाणी भरून त्यात मीठ घातलं. मेव्हणी चपला न काढता दारातच उभी होती.

"मी निघू का, भावजी?"

तो लांब दांड्याने पाणी ढवळत राहिला. वर न बघताच म्हणाला, "तिला माझा चेहरा तरी दिसायचा का?"

"नाही."

त्याने मान हलवली. पाणी अजून गढूळ होतं. मेव्हणीने चपला काढल्या, आत आली आणि बादलीच्या पलीकडे जमिनीवर बसली. त्याचा हात थांबला तेव्हा तिने दांडा घेतला आणि ढवळू लागली.