आपल्यातला डॉक्टर

माझ्या सासूला, पुतळाबाईंना, हिंदी येत नव्हती असं कुणी म्हणू नये. घणसोली गावातल्या आमच्या चाळीत सगळे भाडेकरू यूपी-बिहारचे. कुणी नळ चालू ठेवून गेला तर बाई दारात उभी राहून त्याच्या सात पिढ्या हिंदीत उद्धरायची. पण भांडायला पुरणारी हिंदी, गोष्ट पायावर आली तेव्हा पुरेना.

सेक्टरातल्या मोठ्या हॉस्पिटलात आम्हाला भेटल्या त्या डॉक्टरीणबाई दिल्लीकडच्या होत्या. चांगल्या होत्या, उगाच खोटं का बोला. खुर्ची ओढून सासूजवळ बसल्या आणि सावकाश हिंदीत म्हणाल्या, शुगरमुळे दोन बोटं सडली आहेत. आत्ता काढली तर पाय वाचेल. थांबलात तर विष वर चढेल, मग पाय काय, जीवही हाती लागायचा नाही. सासूने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "ही काय बोलतंय?"

मी मराठीत सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता.

"तू घाटीन," ती म्हणाली. "तुना काय समजतंय?"

मी कराडची. लग्नाला इतकी वर्षं झाली, या घराला दोन नातवंडं दिली, पण माझी मराठी या घरात पाहुणीच राहिली. मी 'जेवायला चला' म्हटलं तरी सासूबाई आधी लेकाकडे बघणार, ही खरंच जेवायलाच बोलावते ना? आणि माझा नवरा कान्हा म्हणजे गावभर वाघ, आईपुढे मांजर. त्याने एकदाच "आये, ते बोलतान तं..." एवढं म्हटलं. आईने नुसतं बघितलं, तर हा खिडकीतून पार्किंग बघायला लागला.

"मना आपल्यातला डागदर पायजे," सासूने निकाल दिला. "तो सांगल तं कापा. ही परमुलखातली मानसा, यांना मी पाय देनार नाय."

परमुलखातली कोण, हे विचारायची सोय नव्हती. हॉस्पिटलच्या गेटपासून आमचं घर रिक्षाने मीटर पडायच्या आत येतं. पण तिच्या मते गावाची कमान ओलांडली की परदेश सुरू व्हायचा, आणि त्या परदेशात तिचं बोलणं समजणारं कुणी नव्हतं. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

मग सुरू झाला शोध. आगरी डॉक्टर नव्या मुंबईत नाहीत असं नाही. कोपरखैरण्यातला एक सापडला, तो दातांचा. "दातांचा पायाचा काय सांगल?" म्हणून तो बाद. तुर्भ्याची एक मुलगी होती, ती सासूच्या माहेरच्या भाऊबंदांतली निघाली. म्हणजे जुनी भांडणं, तीही बाद. शेवटी सासूनेच नाव घेतलं. "रूपेसला फोन लाव."

रूपेश शेजारच्या घरातला. आमच्या गल्लीतला पहिला डॉक्टर. तो पास झाला तेव्हा कमानीवर फ्लेक्स लागला होता, त्यात त्याच्या फोटोपेक्षा गॉगलवाल्या पुढाऱ्यांचेच फोटो मोठे होते. पुढे तो इंग्लंडला गेला. त्याची आई कामावर जायची तेव्हा तो माझ्या सासूच्या मांडीवर वाढला, हे तिने मला हजारदा ऐकवलं होतं. आपलं बोलणं समजणारा तिचा डॉक्टर विलायतेत, आणि विलायतेतले वाटणारे डॉक्टर तिच्या उशाशी.

मी आधी त्याला रिपोर्ट पाठवले, पायाचे फोटो पाठवले आणि मग व्हिडिओ कॉल लावून फोन सासूच्या हातात दिला.

"काकी, कशी हाय तू?" त्याने विचारलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा बाई रडली. त्याच्या तोंडची बोली अगदी गावातलीच होती. तिने सगळं सांगितलं, ठणका सांगितला, रात्रीची भीती सांगितली, घाटीनीच्या तक्रारी सांगितल्या. तो हसला, "अगं काकी, ररतंस कनाला? काय नाय व्हनार. गोल्या खा, गोड बंद कर. पाय सोन्यासारखा व्हईल. मे मयन्यात येतंय मी, तुज्या हातचा जवला खायाला."

"मंग बोटा कापू देव नको ना?" तिने विचारलं.

"तू टेन्शन नको घेव," तो म्हणाला.

सासूने डोळे पुसले आणि कान्हाला म्हणाली, "चल, घरा चल." कान्हाच्या तोंडावर सुटल्याचा आनंद दिसत होता. मी फोन हिसकावून बाहेर पॅसेजमध्ये आले.

"रूपेश, तू फोटो बघितलेस ना?"

तो लगेच इंग्रजीवर आला. बोटं तातडीने काढायला हवीत, तिथल्या डॉक्टर बरोबर सांगतायत, उशीर करू नका, असं सगळं तो एका दमात बोलला. माझं डोकंच फिरलं.

"मग तिला का नाही सांगितलंस?"

तो परत मराठीवर आला. "वहिनी, मी रोज पेशंटना वाईट बातम्या देतो. पण इंग्लिशमधून. आमच्या बोलीत मी जेवलो, खेळलो, काकीकडे हट्ट केला. त्या बोलीत 'तुझी बोटं कापायची' असं मला तिला म्हणताच येत नाही. तुम्ही समजवा ना तिला, प्लीज."

"माझं ती ऐकत असती तर तुला कशाला फोन लावला असता? आत्ता परत बोल तिच्याशी."

त्याला म्हणे वॉर्डात बोलावलं होतं.

मी आत जाऊन सासूला खरं काय ते सांगितलं. हात जोडले, ओरडले, शेवटी रडलेसुद्धा. ती शांतपणे म्हणाली, "माजे मरनाची लय घाई झालीय तुना. रूपेस सांगला ना? आता तू गप ऱ्हा." डॉक्टरीणबाईंनी पुन्हा समजावलं, पण परमुलखातल्या बाईचं कोण ऐकतंय? कान्हाने आईला घरी आणलं.

घरी गोळ्या चालू होत्या, गोड बंद होतं, रूपेशने सांगितलेलं सगळं ती इमानाने पाळत होती. पाऊल काळं पडत गेलं. दर दुपारी मला फोन लावायला सांगायची. मी लावायचे, तो उचलायचा नाही, नंतर 'ड्युटीवर होतो' असा मेसेज यायचा. ताप मेंदूत चढला तेव्हा परत त्याच हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरीणबाई आम्हाला एका शब्दानेही टोचून बोलल्या नाहीत. सासू तिथून परत आली नाही.

बाराव्याला भावकी जमली. "शेवटी आपल्यातल्या मानसाशी बोलली, समाधानात गेली," असं एकेक जण म्हणत होता. मी वाढता वाढता ऐकत होते. एकाच्याही तोंडावर डाळ ओतली नाही, हे माझ्या आईवडिलांचे संस्कार.

तेवढ्यात रूपेशचा व्हिडिओ कॉल आला. कान्हा पाहुण्यांत होता, मी उचलला. रूपेशचे डोळे लाल होते. खोटं रडत नव्हता तो, तेही सांगते.

"वहिनी," त्याने विचारलं, "काकी जाताना माझ्याबद्दल काय बोलली का?"

त्याला बहुतेक आशीर्वाद हवा होता. मी त्याला खरं तेच सांगितलं आणि तिच्या शब्दांत सांगितलं. "बोलली, रूपेसला इचार. तो बोलला पाय बरा व्हईल, तं कवा व्हईल?"

त्याने डोळे पुसले. मग म्हणाला, "आय ॲम सो सॉरी, वहिनी."

"तिच्या बोलीत सांग," मी म्हटलं.

त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मागे पंगत बसली होती, कान्हा मला भात आणायला हाका मारत होता. मी फोन धरून तशीच उभी राहिले, तो बोलेल म्हणून.