उपकरणे नव्यासारखी

दुपारी जेवायला बहिणीकडे आलेल्या तपासनीसांना दारात भाचीच्या चपला दिसल्या आणि घरात काहीतरी बिनसलं आहे हे त्यांनी ओळखलं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी माणूस दुपारी घरी नसतो. असलाच तर तो सरकारी नोकरीत तरी असतो. भाची मात्र खासगी इस्पितळात रुग्णसेविका म्हणून लागली होती.

"ये, ये," त्यांची थोरली बहीण ताट वाढत म्हणाली. "तुझ्या 'उत्तम' दर्जाचा निकाल घरी येऊन बसलाय."

खासगी व्यवसाय-शिक्षण संस्था तपासणं, त्यांना दर्जा देणं आणि वेळ आली तर मंजुरी काढून घेण्याची शिफारस करणं हे तपासनीसांचं काम. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही म्हणून कार्यालयात त्यांना 'भिंग' म्हणत. हे कौतुकानं म्हणतात, अशी त्यांची समजूत होती. भाचीनं कुठे शिकायचं हेही त्यांनीच ठरवलं होतं. स्वतः 'उत्तम' शेरा दिलेली संस्था हाताशी असताना दुसरीकडे बघायचंच कशाला?

"काय झालं गं?"

भाचीच्या गणवेशाची घडीसुद्धा मोडली नव्हती. "एका आजोबांना खाटेवरून चाकाच्या खुर्चीत बसवायचं होतं, मामा. त्याचे पुस्तकात मुद्दे आहेत, सगळे पाठ आहेत मला. दुसऱ्या मुद्द्याला आजोबा घसरले."

"पडले?"

"वॉर्डातल्या आयामावशींनी धरलं वेळेवर. पण ओरडले केवढ्यांदा! अजून कानात आहे माझ्या."

"अगं पण संस्थेत खाट होती. मी बघितली आहे!"

"होती ना. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती. वापरल्याच्या खुणा दिसल्या की तपासणीत गुण जातात, असं सर म्हणायचे."

"आणि रक्तदाबाचं यंत्र?"

"काचेच्या कपाटात, कुलूप लावून. तुझी काही चूक नाही मामा. तू कपाट बघितलंस. कपाट छानच होतं."

तिच्या आवाजात टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. पण ती मनापासून त्यांची समजूत काढत होती. तपासनीसांच्या तोंडातला घास तोंडातच फिरू लागला. 'उपकरणे नव्यासारखी, निगा वाखाणण्याजोगी' हा शेरा त्यांनीच लिहिला होता, आणि वाखाणण्याजोगी हा शब्द सुचल्याबद्दल त्या दिवशी स्वतःवर खूशही झाले होते.

"आता काय, नोकरी गेली?" त्यांनी हळूच विचारलं.

"मोठ्या सिस्टर चांगल्या आहेत. शिकून ये म्हणाल्या, महिनाभर जागा ठेवते. कुठे शिकायचं तेही सांगितलं. मागच्या गल्लीतल्या सिस्टरबाईंकडे."

तपासनीसांनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. सिस्टरबाईंची संस्था बंद करण्याची शिफारस त्यांच्या टेबलावर तयार होती. फक्त सही राहिली होती.

दुसऱ्या दिवशी भाचीला घेऊन ते मागच्या गल्लीत गेले. सिस्टरबाई म्हणजे आयुष्यभर इस्पितळात राबलेल्या परिचारिका. निवृत्त झाल्यावर दोन खोल्यांत त्यांनी ही संस्था काढली होती. तपासनीसांना बघून त्या दारातच उभ्या राहिल्या.

"या साहेब. कुलूप आणलंत, की आमचंच लावणार?"

"नाही... प्रवेश हवा होता."

"तुम्हाला?"

"भाचीला." मग कुठे शिकली, वॉर्डात काय झालं, हे त्यांनी चपलेच्या अंगठ्याकडे बघत सांगितलं.

"अगं बाई, उत्तम दर्जा!" सिस्टरबाईंनी कपाळाला हात लावला. "आणि आमच्याकडे मोडक्या खाटा, विटक्या चादरी, वर सरावाच्या बाहुलीचा खांदा उसवलेला. तुम्हीच लिहिलंत ना? झोपा."

"काय?"

"त्या मोडक्या खाटेवर झोपा. अंग सैल सोडा. तुमची एक बाजू लुळी पडली आहे, असं समजा."

भाचीसमोर नाही म्हणणं बरं दिसेना. तपासनीस आडवे झाले. दोन मुली आल्या. एकीनं मानेखाली हात घातला, दुसरीनं गुडघे वळवले, आणि काय होतंय हे कळायच्या आत भिंगसाहेब खुर्चीत बसलेले होते. "काका, मान अवघडली नाही ना?" एकीनं वाकून विचारलं.

एवढ्या संस्था तपासल्या, पण अशा आवाजात त्यांची विचारपूस कोणी केली नव्हती. त्यांना एकदम भरून आलं. या मुलींची संस्था आपण बंद करणार होतो!

"बाहुलीचा खांदा उसवलाय, कारण दिवसभर मुली तिला उचलतात," सिस्टरबाई म्हणाल्या. "वापरलेली वस्तू झिजणारच. तुम्ही नेमके झिजेचे गुण कापता, म्हणून लोक वस्तूंना कुलूप लावतात आणि मुलींना मुद्दे पाठ करायला देतात. वर तुमची ती प्रमाणपत्रं! एक खातं म्हणतं दार बाहेर उघडलं पाहिजे, दुसरं म्हणतं आत. वर्षभर मी सुताराकडून दारच फिरवून घेतेय. तेवढ्यात एक तुकडी शिकवून झाली असती."

"पण मग आम्ही तपासायचं तरी काय, बाई?"

"आग लागली तर मुली बाहेर पडतील का, ते बघा. जरूर बघा! पण सगळ्या खात्यांनी मिळून एकदाच या. बाकी वेळात इथून शिकून गेलेली मुलगी शोधा. तिला काम मिळालं का? टिकलं का? तिच्या मोठ्या सिस्टरना विचारा, तिच्या रुग्णाला विचारा. इथली भिंत काय सांगणार आहे तुम्हाला?"

किती साधी गोष्ट! आणि इतक्या वर्षांत त्यांनी एकाही मुलीला, एकदाही, काही विचारलं नव्हतं!

कार्यालयात मोठे साहेब वैतागले. "अहो भिंग, आपणच दिलेला दर्जा आपणच काढायचा? लोक हसतील."

"हसतील कसले साहेब, वॉर्डात ओरडतायत."

तपासनीसांनी त्यांना भाचीची सगळी हकीकत सांगितली. मग बंदीची शिफारस रद्द झाली, कपाटवाल्या संस्थेची नव्यानं तपासणी ठरली, आणि सिस्टरबाईंनी सुचवलेली पद्धत या भागापुरती वापरून बघायचं ठरलं. सरकारी कामात याला क्रांती म्हणतात.

भाची महिनाभर त्या मोडक्या खाटांवर राबली आणि परत कामावर रुजू झाली. पहिल्याच दिवशी तिनं एका आजींना उठवून खिडकीपाशी बसवलं. त्या संध्याकाळी तपासनीस खूश होऊन बहिणीकडे आले. आता मनावरचं ओझं उतरलं, असं त्यांना वाटत होतं.

"मामा," भाची म्हणाली, "माझ्या वर्गातल्या बाकीच्या मुलींचं काय?"

"म्हणजे?"

"त्यांना कोणी कामावर ठेवलं नाही. त्यांचा मामा तपासनीस नाही."

 तपासनीसांनी खिशातलं पेन काढलं आणि त्या मुलींचे पत्ते विचारले.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ते भाचीला घेऊन त्या मुलींची घरं शोधत निघाले. एक मुलगी, तिचे वडील काम करत त्याच कापडाच्या दुकानात घड्या घालत होती. "माझं डोकंच चालत नाही साहेब, म्हणून काम जमलं नाही," ती म्हणाली. तिचे वडील तर, एवढे मोठे साहेब दुकानात आले म्हणून, स्टूल पुसून देऊ लागले.

तपासनीस बसले नाहीत. "डोकं तुझं चांगलं आहे, बाळ," ते म्हणाले. "तुला शिकवलंच नाही कोणी. आणि ते बघायचं काम माझं होतं. मी बघितलं नाही." हे वाक्य त्यांना त्या दिवशी प्रत्येक दारात म्हणावं लागलं. सवयीनं सोपं होईल असं वाटलं होतं, झालं नाही. सिस्टरबाईंनी मात्र जास्तीची तुकडी काढली आणि एकीलाही परत पाठवलं नाही.

नागरिकहो, नियम हवेतच. पण ज्याच्यासाठी नियम केला, त्या माणसाचं पुढे काय झालं हे विचारायचं राहिलं, तर नियम वाढत जातात आणि माणूस खाटेवरून घसरतो. म्हणून नियम थोडे ठेवावेत, आणि शाळेचं मोजमाप तिच्या भिंतींवरून न करता तिथून शिकून गेलेल्या मुलांच्या हातांवरून करावं. विचारायला जाताना लाज वाटेल. वाटू द्यावी, पण जावं.