चादरीची दुसरी बाजू

या, असे जवळ सरका. राजा-राणीच्या गोष्टी पुष्कळ ऐकल्यात तुम्ही. आज इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालणाऱ्या एका बाईची ऐका.

"पुन्हा लागली फरशीला," मुकादम म्हणाले. "बाई, उद्याही असंच झालं तर परवा येऊ नका."

मान खाली घालून नवीने चादर पुन्हा धुण्यात टाकली. सगळे तिला नवीच म्हणत. गावातलं दुकान बुडाल्यावर नवराबायको या शहरात आली होती. नवऱ्याला अजून काम नव्हतं. चूल पेटत होती ती हिच्या दोन हातांवर.

तिची जोडीदारीण थोरली. कामात वाघीण, पण तोंडाला कुलूप. चादरीची दोन-दोन टोकं धरायची, मध्यापर्यंत चालत यायचं, टोकाला टोक जुळवायचं. एवढंच तर काम. पण थोरली मध्यावर थांबतच नसे. थेट अंगावर येई. मग दोघींची टक्कर, हात खाली आणि चादरीचं पोट फरशीवर.

"काय म्हणते नोकरी?" संध्याकाळी नवऱ्याने विचारलं.

"नोकरी काही म्हणत नाही. जोडीदारीण तर त्याहून नाही," पाय चोळत ती म्हणाली.

तो हसला. मग उठून त्याने पाणी गरम करायला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी नळावर इस्त्रीवालीने तिला गाठलं. "तू चालतेस कशाला गं?"

"मग काय करू? उडू?"

"तुझ्या जागी आक्का होती. गुडघे पार गेलेले तिचे. एकदा उभी राहिली की हलायची नाही. मुकादमाला कळू नये म्हणून थोरली दोघींचं चालायची. पावसाळ्यात आक्का वारली. हिचे पाय अजून तसेच चालतात."

"मग मला सांगत का नाही ती?"

"सांगायला आधी तिला कळायला नको?"

नवी परत आली. मुकादम दारातच उभे होते. तिने टोकं धरली, हात उंचावले आणि जागेवरच उभी राहिली. समोरून थोरली आली, सगळी खोली ओलांडून, नजर कपड्यावर ठेवून. टोकाला टोक बरोबर लागलं. मुकादम दारातून निघून गेले.

दुपारपर्यंत ढीग उतरला. एकही चादर खाली लागली नाही. नवीला हायसं वाटलं. पण समोरच्या बाईची पावलं जड होत चाललेली तिला दिसत होती. तरी ती हलली नाही.

टोकं हातात देता देता थोरली पुटपुटली, "गुडघे फार दुखतायत का गं आज?"

देवानेच नवीला शब्द दिला म्हणायचा. "नाही हो ताई," ती हळूच म्हणाली. "माझे बरे आहेत."

थोरलीने मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिने समोरचा चेहरा पाहिला. मग पदराने नाक पुसलं आणि पुढची चादर उचलली.

या वेळी ती मध्यावर येऊन थांबली.

"ये," ती म्हणाली.

नवी चालत गेली.

आज अंथरुणावर पाठ टेकाल, तेव्हा त्या आक्काला एकदा मनातल्या मनात हात जोडा. तिला मी पाहिलं नाही, तुम्हीही नाही. पण तिच्यासाठी कुणी इतकं चाललं, एवढं लक्षात असू द्या.