तिसऱ्या डोंगराचं नाव

डोंगर.

आलेखावर पहिला ग्लुकोजचा, दुसरा गॅलॅक्टोजचा. तिसरा बुटका, कोणाच्याच नावावर नसलेला. नेवाशाला आमोसकाकांच्या चाळीत साठवलेला कांदा सडला होता. त्यावरच्या जिवाणूनं सोडलेल्या बुळबुळीमध्ये लिडियाला हा तिसरा डोंगर सापडला.

“घाण आहे ती,” तिचे गाईड भालसिंग सर म्हणाले. “काचसामान नीट धुवा, मॅडम.”

विद्यार्थिनीला मॅडम म्हणणं हा त्यांचा चिमटा.

तिनं धुतलं. डोंगर तिथंच.

“अमिनो साखर असावी, सर. नेहमीच्या कुठल्याच साखरेशी जुळत नाही. पुण्याला तपासणीला पाठवू?”

“कांद्यात नवी साखर! उद्या म्हणाल, शिर्डीच्या पेढ्यात सापडली.”

बशी.

जिवाणू जपायचा तर खोल गोठवून. फ्रीझरची किल्ली सरांच्या खिशात. “आत प्रोजेक्टचे नमुने आहेत. तुमच्या घाणीला जागा नाही.”

मग लिडियानं आईसारखं केलं. आई विरजण राखते तसं, जुन्या बशीतलं थोडं नव्या बशीत. भरपूर खाद्य घालून, बशीमागून बशी.

पुन्हा डोंगर.

सर परिषदेला गेले तेव्हा तिनं बुळबुळ वाळवून केलेली, होती नव्हती ती पूड पुण्याला पाठवली. उत्तर आलं: क्विनोवोसामाइन. जिवाणूंतही क्वचित आढळणारी साखर.

सरांनी पेढे वाटले. शिर्डीचेच. “आमच्या लॅबचा शोध!” पेपरवर त्यांचं नाव आधी. तेही तिनं गिळलं. त्या पेपरावर तिची पीएचडी अडली होती.

पेपरच्या परीक्षकांनी एवढंच विचारलं: या साखरेची ठेवण डी की एल, म्हणजे उजवी की डावी? ताजा नमुना काढून सांगा.

सपाट.

तिनं बशी उघडली. जिवाणू जिवंत होते, पण कोरडे. सुई टेकवून उचलली तर तार निघेना. आयत्या खाण्यावर पिढ्या गेल्या, त्यांनी बुळबुळ करणंच सोडलं होतं. आलेखावर तिसऱ्या डोंगराच्या जागी नुसती रेघ.

तिनं फोन लावला. “काका, तो सडका कांदा आहे का अजून?”

“सडका? अगं, समदा जाळला. औषध मारून चाळ धुतली. तूच सांगितल्तं ना, रोग पसरंल म्हनून?”

सरांना सांगणं भाग होतं.

“विरजणासारखा ठेवतात का जिवाणू?” ते कडाडले. “आपल्याकडे फ्रीझर कशाला आहे?” आणि खिशातली किल्ली टेबलावर आपटली.

लिडियानं फ्रीझर उघडला. खालचे कप्पे रिकामेच होते. नुसता बर्फ साचलेला.